अंगठ्याआधी

सिस्टरनं पहिल्या पानावरची पहिली ओळ वाचायच्या आधीच त्या बाईंनी अंगठा पुढे केला. "कुठं लावू?"

एका सरकारी रुग्णालयातल्या गरोदर बायकांच्या ओपीडीबाहेरचा लांबलचक लोखंडी बाक होता तो. बाईंना सातवा महिना होता. हातात घडीवर मऊ पडलेला केसपेपर, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत सोनोग्राफीचा रिपोर्ट आणि चपातीचा डबा. सिस्टरच्या हातात मी मराठीत आणलेलं चौदा पानांचं संमतीपत्र. खरा अभ्यास सुरू व्हायला अजून अवकाश होता. लिहिलेलं ऐकणारीला कळतंय का, एवढंच तपासायला आम्ही बसलो होतो. सही नको होती, अंगठाही नको होता. सिस्टरनं तसं सांगितलं. बाई हसल्या आणि म्हणाल्या, "कळायचं काय त्यात ताई? तुम्ही आमच्या चांगल्यासाठीच करता ना."

खरं तर इतक्या विश्वासानं बरं वाटायला हवं होतं. मला पोटात कालवल्यासारखं झालं. त्या चौदा पानांवर मी महिनाभर बसले होते. त्या सगळ्या पानांना एकच काम होतं : या बाईंना हवं तर "नाही" म्हणता यावं. आणि बाई घरूनच "हो" घेऊन आल्या होत्या.

सोळा वर्षं मी हे काम करतेय. परदेशी विद्यापीठांमध्ये जागतिक आरोग्यावर संशोधन करणारी मोठी केंद्रं आहेत. त्यांचे अभ्यास महाराष्ट्रात, इथल्या रुग्णालयांच्या आणि संस्थांच्या सोबतीनं चालतात. इथल्या माणसांपुढे ठेवायचे कागद मुळात इंग्रजीत तयार होतात, मी ते मराठीत आणते. मग मूळ इंग्रजी न पाहिलेली दुसरी एखादी व्यक्ती माझं मराठी परत इंग्रजीत नेते. दोन्ही इंग्रजी शेजारी ठेवून माणसांवरच्या अभ्यासांना परवानगी देणारी एथिक्स कमिटी पाहते की अर्थ कुठे सांडला का. पद्धत म्हणून ती चांगली आहे. पण तिच्यात एक खोट आहे आणि ती कळायला मला बरीच वर्षं लागली. जितकं जड मराठी लिहावं तितकं ते सुखरूप परत जातं. "स्तनपान" लिहा, पलीकडे बरोबर तोच शब्द उमटतो. "अंगावर पाजता का?" असं लिहिलं, तर शब्दाला शब्द ठेवायच्या नियमापायी पलीकडे काहीतरी भलतंच उमटतं आणि लाल खूण होऊन कागद माझ्याकडे परत येतो. म्हणजे कागद पास व्हावा असं लिहिलं की तो बाकावरच्या बाईंपर्यंत पोहोचत नाही. बाईंपर्यंत पोहोचेल असं लिहिलं, तर प्रत्येक शब्दासाठी भांडावं लागतं. मी भांडायला शिकले.

"अभ्यास" हा शब्दच घ्या. "आम्ही एक अभ्यास करत आहोत" म्हटलं की अर्ध्या बायका विचारतात, परीक्षा आहे का? "संशोधन" म्हटलं तर मान डोलावतात आणि पुढचं ऐकणं सोडतात. "पाच मिलिलिटर रक्त" म्हणून कुणाच्या डोळ्यांपुढे काही येत नाही. "खोकल्याच्या औषधाच्या झाकणात मावेल एवढं" म्हटलं की येतं. प्लासिबोचं मी आधी "साखरेची गोळी" केलं होतं. एका आईनं लगेच सांगितलं, माझ्या पोराचा खोकला त्याच गोळ्यांनी गेला, आम्ही होमिओपॅथीच घेतो. तेव्हापासून मी लिहिते, "दिसायला तशीच गोळी, पण आत औषध नाही."

"आपण केव्हाही माघार घेऊ शकता" हे वाक्य तर प्रत्येक कागदात असतं. माघार घेतात ती निवडणुकीत किंवा लढाईत. त्यात हरल्याची भावना आहे, चारचौघांत मान खाली जाण्याची आहे. कुठली बाई माघार घेईल? मी लिहिलं, "नको वाटलं तर कधीही नको म्हणा. कारण सांगायला नको. तुमचे इथले उपचार आहेत तसेच चालू राहतील." शेवटचं वाक्य सिस्टरला दोनदा वाचायला लावते. सगळी भीती तिथेच असते.

पण सर्वांत जास्त मला शिकवलं ते "चिठ्ठी"नं. दोन गटांपैकी कुणाला कोणत्या गटात घालायचं, हे डॉक्टर ठरवत नाहीत, बाई ठरवत नाही, ते योगायोगावर सोडलेलं असतं. त्याला कोशातला शब्द आहे यादृच्छिकीकरण. तो मी आजवर कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. "लॉटरी" म्हटलं तर बक्षीस आलं. म्हणून मी "चिठ्ठी टाकून ठरवू" असं लिहिलं आणि स्वतःवर खूश झाले. खेडेगावात, चाळीत, सगळीकडे समजणारा शब्द. बाकावर एक तिशीतली बाई होती, चटपटीत. तिला विचारलं, काय कळलं सांगा बरं. ती म्हणाली, "चिठ्ठी टाकणार, नाव निघालं तर नवं औषध. नाही निघालं तर पुढच्या महिन्यात निघेल." मी गप्प झाले. तिच्या डोक्यात भिशी होती. भिशीत चिठ्ठी दर महिन्याला निघते आणि फिरत फिरत प्रत्येकीची पाळी येतेच. कुणीही रिकाम्या हाती राहत नाही. माझ्या शब्दानं तिला एक वचन दिलं होतं, जे देणारं कुणी नव्हतं. आता त्या ओळीखाली मी आणखी एक लिहिते : "ही चिठ्ठी एकदाच निघते. दुसऱ्या गटात गेलात तर नंतर पाळी येणार नाही."

"अंगावर पाजणं" या शब्दासाठी मी इतकी का अडून बसते, त्यालाही कारण आहे. पुण्यात झालेल्या एका फार महत्त्वाच्या अभ्यासात सगळा प्रश्न त्याच दुधाचा होता. अमेरिकेतलं जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि बी. जे. मेडिकल कॉलेज यांचं ससूनमध्ये बरीच वर्षं एकत्र काम चालत आलं आहे. आईला एचआयव्ही असेल तर तिच्या दुधातून विषाणू बाळाकडे जाऊ शकतो. मग वरचं दूध द्यावं का? पण वरच्या दुधाला पैसे लागतात, स्वच्छ पाणी लागतं, उकळायला इंधन आणि वेळ लागतो. यातलं एक जरी नसलं की जुलाब होतात, आणि गरीब घरातली बाळं जुलाबानं दगावतात. शिवाय अंगावर पाजत नाही म्हटल्यावर सासू विचारते, का? त्या "का"ला उत्तर द्यायचं तर सगळं सांगावं लागतं. तेव्हा असं पाहायचं ठरलं की आईनं पाजत राहावं आणि बाळाला जन्माच्या वेळच्या एका डोसवर न थांबता सहा आठवडे रोज नेव्हिरॅपिन हे एचआयव्हीवरचं औषध द्यावं. त्यानं लागण टळते का? भारत, इथिओपिया आणि युगांडा या तीन देशांत हे एकाच वेळी तपासलं गेलं. २००८ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. सहा आठवड्यांच्या वयाला एका डोसच्या गटातल्या ५.३ टक्के बाळांना लागण झालेली होती, रोज औषध घेतलेल्या गटात २.५ टक्के. सहा महिन्यांपर्यंत हा फरक आकसला, ९ विरुद्ध ६.९ टक्के, आणि तो निव्वळ योगायोग नाही असं खात्रीनं म्हणता येईना. म्हणजे औषध जास्त दिवस द्यायला हवं. पाजणं चालू असेपर्यंत औषधाचं संरक्षण द्यावं, हा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेनं २०१० मध्ये दिला, त्यामागे अशा अभ्यासांचं बळ होतं. आता तर एचआयव्ही असलेल्या गरोदर बाईला स्वतःलाच कायमची औषधं सुरू होतात आणि ती नियमित घेतली तर पाजताना बाळाला लागण होण्याचा धोका अगदी कमी राहतो.

तो अभ्यास माझ्या आधीचा. त्याचे कागद मी केले नाहीत. पण ससूनच्या आवारातून जाताना मला तो आठवतो. बाळाला जे औषध मिळेल ते चिठ्ठीवर अवलंबून आहे, हे कुणीतरी एका बाळंतिणीला मराठीत सांगितलं असेल. कुठल्या शब्दांत?

तीन वर्षांपूर्वी मी अमेरिकेत बाल्टिमोरला गेले. माझी भाची तिथून जवळ राहते. तिनं बंदर, मत्स्यालय असं सगळं ठरवून ठेवलं होतं. मी म्हटलं, मला वुल्फ स्ट्रीटवर जायचंय. "मावशी, तिथं बघण्यासारखं काय आहे?" ती म्हणाली, पण घेऊन गेली.

कोविडच्या दिवसांत जॉन्स हॉपकिन्स हे नाव आपल्या घराघरांत पोहोचलं ते रुग्णांच्या आकड्यांच्या नकाशामुळे. तो नकाशा विद्यापीठाच्या अभियांत्रिकी विभागातून निघाला होता. वुल्फ स्ट्रीटवरची त्याच विद्यापीठाची सार्वजनिक आरोग्याची संस्था त्याहून फार जुनी, रॉकफेलर यांच्या पैशातून १९१६ साली उभी राहिलेली. तिच्यातला आंतरराष्ट्रीय आरोग्याचा विभाग १९६१ मध्ये सुरू केला कार्ल टेलर यांनी. ते मसुरीजवळच्या लंढौरमध्ये जन्मलेले, पंजाबातल्या नारंगवालच्या खेड्यांमध्ये वर्षानुवर्षं काम केलेले. जामखेडचे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे त्यांचे विद्यार्थी. तिथलं शिक्षण संपवून दोघं परत आले आणि १९७० मध्ये जामखेडला काम उभं केलं. अभय आणि राणी बंग यांनी १९८४ साली सार्वजनिक आरोग्याची पदवी घेतली तीही तिथेच, आणि गेले ते गडचिरोलीला. तिथल्या ३९ गावांत आरोग्यदूत बायकांनी घरोघर जाऊन नवजात बाळं सांभाळली आणि नवजात बाळांच्या मृत्यूंचा आकडा हजारी ६२ वरून पंचविसाच्या आसपास आणून दाखवला. ते १९९९ मध्ये प्रसिद्ध झालं. अंगणवाडीत दर सहा महिन्यांनी मुलांच्या तोंडात घालतात त्या अ जीवनसत्त्वाच्या चमच्याचाही धागा या इमारतीपर्यंत येतो. पुढे इथेच अधिष्ठाता झालेले आल्फ्रेड सोमर आणि त्यांचे सहकारी यांनी सुमात्रातल्या ४५० गावांत पाहिलं की असे डोस मिळालेल्या गावांत मुलांचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले. साल १९८६.

हे सगळं मी भाचीला गाडीत सांगत होते. वुल्फ स्ट्रीटच्या त्या भव्य इमारतीपाशी उतरलो. संस्थेचं ब्रीद मराठीत सांगायचं तर असं : आरोग्याचं रक्षण, जीव वाचवणं, एका वेळी लाखांचे. हे ब्रीद मी तिच्या कितीतरी कागदांवर पाहिलेलं. तिथे उभं राहून ते खरंही वाटलं. अ जीवनसत्त्वाच्या एका चमच्यानं खरोखर लाखो मुलं वाचली आहेत. पण मला सारखी बाकावरची बाई दिसत होती. लाखांना एका वेळी वाचवता येत असेल, विचारावं मात्र एकेकीलाच लागतं.

दोन-तीन रस्ते चालत पुढे गेलो. रुग्णालयाचा जुना घुमट पाठीशी आणि समोर भिंतीला भिंत लागलेल्या लाल विटांच्या घरांच्या रांगा, दाराशी पांढऱ्या दगडाच्या तीन-चार पायऱ्या. कितीतरी घरांच्या खिडक्यांवर प्लायवूड ठोकलेलं. एका पायरीवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते, त्यांनी मान हलवली, आम्हीही हलवली. याच शहरात एका वस्तीतलं आयुर्मान दुसऱ्या वस्तीपेक्षा वीसेक वर्षांनी कमी आहे आणि कमी आयुष्याची कितीतरी घरं जगातल्या या नामांकित संस्थेच्या सावलीत आहेत. या भागातल्या काळ्या कुटुंबांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या मुलांना सांगत, अंधार पडल्यावर हॉपकिन्सजवळ फिरू नका, डॉक्टर धरून नेतात. ऐकीव गोष्टी आहेत त्या. पण आपल्याकडेही पोलिओच्या डोसाला घराचं दार बंद होतं, रक्त काढून नेतात म्हणून गावात कुजबुज उठते, तेव्हा मला त्या बायकांचा राग येत नाही. कुजबुज रिकाम्या जागेत उगवत नाही.

हेन्रिएटा लॅक्स याच रुग्णालयात आल्या होत्या, १९५१ च्या सुरुवातीला. व्हर्जिनियातल्या तंबाखूच्या शेतात राबलेली बाई, पाच मुलांची आई, वय तीस. अंगावरून रक्त जात होतं. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग निघाला. काळ्या रुग्णांसाठीच्या वेगळ्या वॉर्डात उपचार सुरू झाले आणि उपचारादरम्यानच गाठीचा तुकडा काढून प्रयोगशाळेत दिला गेला. माणसाच्या पेशी शरीराबाहेर तोवर फार दिवस टिकल्या नव्हत्या. या टिकल्या, वाढल्या, वाढतच राहिल्या. बाई ४ ऑक्टोबर १९५१ ला गेल्या. त्यांच्या पेशी "हेला" या नावानं जगभर पोहोचल्या. पोलिओची लस तपासायला त्या वापरल्या गेल्या. घरच्यांना हे कळलं दोन दशकांनंतर.

बाईंनी तेव्हा एका कागदावर सही केली होती, ही गोष्ट मला सर्वांत जास्त टोचते. उपचारांना परवानगी देणारा तो कागद. तुमच्या गाठीचा तुकडा आम्ही ठेवून घेऊ, असं त्यात कुठेही नव्हतं. सही होती, भाषाही त्यांचीच होती, तरी विचारलेलं नव्हतं.

भाचीनं विचारलं, "मग पुढे काय झालं त्या पेशींचं?" मी तिला उस्मानाबादची गोष्ट सांगितली. म्हणजे आताचं धाराशिव. हेन्रिएटा बाईंच्या पेशींमध्ये नंतर जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या चमूला एचपीव्ही १८ हा विषाणू सापडला. याच कामातून कळलं की हा कर्करोग एका विषाणूमुळे होतो. त्सुर हाउझेन यांना २००८ चं नोबेल मिळालं. विषाणू कळला म्हणून त्याची तपासणी आली. ती तपासणी खेड्यात कामाची आहे का, हे पाहायला १९९९ पासून उस्मानाबाद जिल्ह्यातल्या १,३१,७४६ बायकांवर अभ्यास झाला. बार्शीचं कर्करोग रुग्णालय, मुंबईचं टाटा आणि फ्रान्समधली जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून तो केला. गावांचे ५२ समूह, चार गट. तीन गटांना वेगवेगळ्या तऱ्हेची तपासणी. चौथ्या गटाला आरोग्याची माहिती आणि गावात एरवी मिळते ती सेवा. गावात एरवी या कर्करोगाची तपासणी मिळत नव्हती.

आठ वर्षांत एचपीव्हीच्या गटात या कर्करोगानं ३४ बायका गेल्या. चौथ्या गटात ६४.

२००९ मध्ये हे छापून आलं आणि एकाच तपासणीनं मृत्यू निम्म्यावर येतात हे जगाला कळलं. अनेक देशांची धोरणं त्यावर बदलली. मराठवाड्यातल्या बायकांनी जगाला एवढं मोठं काही दिलं, याचा मला अभिमान आहे आणि तो आपल्याकडे पुरेसा कुणाला ठाऊक नाही याचं वाईट वाटतं. पण चौथ्या गटाबद्दल पुढे अमेरिकेपर्यंत वाद गेला. तपासणीचा उपयोग होतो हे आधीच माहीत असताना हजारो बायकांना तपासणीविना ठेवणं योग्य का, असा तो प्रश्न. अभ्यासाच्या बाजूनं म्हणणारे म्हणतात, अभ्यास झाला नसता तर कुणालाच तपासणी मिळाली नसती. मला विचाराल तर दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दुसरीनं पहिली पुसली जात नाही. माझी भिशीतली बाई असती तर तिनं सरळ विचारलं असतं, माझी पाळी कधी?

रुग्णालयाच्या घुमटाखाली येशूचा एक उंच संगमरवरी पुतळा आहे. जाता-येता माणसं त्याच्या पायाला हात लावतात, कुणी फूल ठेवतं, कुणी वहीचं पान फाडून त्यावर चार ओळी लिहून ठेवतं. आम्ही गेलो तेव्हा एक माणूस डोकं टेकवून उभा होता. पायाशी चिठ्ठ्या होत्या. मी वाचल्या नाहीत.

परत आल्यावर मी अंगठ्याबद्दल वेगळा विचार करू लागले. आपल्याकडे कागदावरच्या अंगठ्याला इतिहास आहे. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली. त्यांना हवे होते रोखे, कर्जखतं. ते मिळाले की जाळले. शेतकऱ्यांना वाचता येत नव्हतं, पण त्या कागदांनी आपलं काय केलंय हे नीट कळत होतं. असं असूनही दीडशे वर्षांनंतर सरकारी दवाखान्यातली बाई मुकाट अंगठा पुढे करते, कारण पांढऱ्या कोटाला "नाही" म्हणायची सोय तिला कधी मिळालेलीच नाही. आणि कधीकधी तर तिचा अंगठाही लागत नाही. २००९-१० मध्ये आंध्र आणि गुजरातमध्ये मुलींना एचपीव्हीची लस देण्याचा एक मोठा प्रकल्प झाला. वसतिगृहातल्या मुलींच्या संमतीपत्रांवर आईवडिलांच्या जागी वॉर्डननी सह्या केल्या होत्या, हे पुढे संसदीय समितीनं २०१३ च्या अहवालात नोंदवलं. लस चांगली आहे, माझ्या भाचीनं घेतली आहे. त्या मुलींना विचारायला हवं होतं, एवढंच मी म्हणते.

२०२५ च्या सुरुवातीला अमेरिकी सरकारनं परदेशातल्या आरोग्यकामांचा पैसा थांबवला. एकट्या जॉन्स हॉपकिन्सचे ८० कोटी डॉलरहून जास्त गेले. ४४ देशांमधल्या १,९७५ आणि अमेरिकेतल्या २४७ नोकऱ्या त्यांनी मार्चमध्ये बंद केल्या. बाकीच्या विद्यापीठांनाही कमीजास्त तोच फटका बसला. त्या दिवसांत माझ्याकडे एका अभ्यासाचं पत्र आलं. केंद्राचं नाव सांगत नाही. सहभागी बायकांना पाठवायचं पत्र, उद्या सकाळपर्यंत मराठीत हवं. अभ्यास मध्येच थांबवावा लागत आहे, अशा अर्थाची सहा वाक्यं.

"अभ्यास नियोजित वेळेआधी बंद होऊ शकतो" ही ओळ प्रत्येक संमतीपत्रात असते. मी ती किती वेळा लिहिली असेल याची गणती नाही. जुन्या फाइलमधून उचलायची आणि चिकटवायची. त्या रात्री पहिल्यांदा तिचा अर्थ माझ्यासमोर येऊन बसला. पत्राच्या पहिल्या वाक्याला हात आपोआप "अपरिहार्य कारणास्तव" लिहून गेला. एसटी रद्द झाली की फलकावर असतं ते. मी खोडलं. लिहिलं, "या अभ्यासाला पैसे देणाऱ्यांनी पैसे देणं थांबवलं आहे, म्हणून तो बंद करावा लागतोय. तुमचं काही चुकलेलं नाही. तुमच्या किंवा बाळाच्या तब्येतीत काही निघालं, म्हणूनही हे होत नाही." पहिलं वाक्य वरून बदलून आलं. पुढची दोन मूळ पत्रात नव्हतीच, तरी ती त्यांनी ठेवली, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. कारण कौन्सिलरताईनं एकेकीला फोन करून पत्र वाचून दाखवलं, तेव्हा बहुतेकींनी पहिला प्रश्न तोच विचारला : माझं काही चुकलं का?

एका बाईंनी मात्र वेगळं विचारलं. "आणि माझं रक्त?"

ताईनं मला फोन केला. ती म्हणाली, यांनी शेवटच्या पानावर "हो"ची खूण केलीये, नमुने पुढच्या संशोधनासाठी ठेवायला. आता त्या विचारतायत, कुठं आहे. काय सांगू? मी म्हटलं, कागदात काय लिहिलंय ते वाच. तिनं वाचलं. माझंच वाक्य होतं : "आपले नमुने भविष्यातील संशोधनासाठी जतन करून ठेवण्यात येतील." ती थांबली. "कोण ठेवणार, ते नाहीये यात." खरंच नव्हतं. ठेवण्यात येतील, कळवण्यात येईल, कार्यवाही करण्यात येईल. या मराठीत काम होतं, पण करणारं कुणीच नसतं. शाळेच्या परिपत्रकापासून तहसीलच्या नोटिशीपर्यंत आपण सगळे ती वाचत मोठे झालो. मी ती सोळा वर्षं लिहीत होते आणि उलट भाषांतरातून ती दरवेळी अगदी सुखरूप परत आली होती. एकदाही लाल खूण नाही.

केंद्राला मी ईमेल केली. दोनच प्रश्न : कुठे आहे आणि कुणाच्या ताब्यात आहे. ज्यांना विचारत होते त्यांच्याही नोकऱ्या जात होत्या. नऊ दिवस लागले. उत्तर नीट आलं, सहीनिशी : नमुने पुण्यातच आहेत, इथल्याच प्रयोगशाळेच्या उणे ऐंशी अंशांच्या फ्रीझरमध्ये, अमुक डॉक्टरांच्या जबाबदारीवर. नको असतील तर नष्ट करून तसं लेखी देऊ.

मी त्याचं मराठी केलं. वाक्यांना कर्ता दिला. ताईनं संध्याकाळी फोन लावला, मी शेजारीच होते, स्पीकर चालू होता. पलीकडे कुकरची शिट्टी झाली, बाळ रडत होतं, ते कुणाकडे तरी देण्याचा आवाज आला. ताईनं सगळं वाचलं, हळूहळू, डॉक्टरांच्या नावासकट. मग म्हणाली, "हवं तर नष्ट करतील. तुम्ही सांगाल तसं."

बाई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत.

"पुण्यातच आहे होय?" मग त्या म्हणाल्या. "आणि त्या डॉक्टरबाईंचं नाव परत सांगा, लिहून घेते." ताईनं सांगितलं. पलीकडे पेन शोधल्याचा, मग कागदाचा आवाज.

"बरं. मग राहू द्या."